ठाणे खाडीत पक्षी बघायचेत, सासऱ्यांना गरी टाकायचीये. एका फेरीत जमेल का?

मुलुंडवासी

मंडळी, जरा मदत हवीये. फेब्रुवारीत भंडाऱ्याहून सासू-सासरे येतायत. लेकीला फ्लेमिंगो जवळून बघायचेत, वर्षभर डोकं खाल्लंय तिनं. सासरे हाडाचे गळवाले. भंडारा म्हणजे तलावांचा जिल्हा. मामा तलावांच्या (माजी मालगुजारी तलाव, मामांचे नव्हेत) काठावर त्यांची हयात गेली, रोहूला काय लावायचं नि मरळीला काय, झोपेतून उठवलं तरी सांगतील. काल फोनवर पहिला प्रश्न तोच: "जवाईबापू, तुमच्या इकडं एवढी मोठी खाडी हाय म्हन्ता, गरी घेऊन येऊ का?"

मला वाटलं, एका दगडात दोन पक्षी. (या धाग्यावर ही म्हण वापरू नये बहुतेक.) तर प्रश्न असे:

होडी ऐरोलीहून घ्यावी की भांडुपच्या बाजूला जावं? सकाळ बरी की संध्याकाळ? सासूबाईंचे गुडघे दुखतात, कितपत चालावं लागेल? आणि मुख्य म्हणजे अभयारण्यात गळ चालतो का? रोज ऐरोली पुलावरून जाताना खाली होड्या नि जाळी दिसतात, म्हणजे मासेमारी तर चालू आहे.

टिंगलटवाळ

सासऱ्यांच्या गळाला फ्लेमिंगो लागला तर जामीन कोण देणार? जावई की वनखातं?

शेकाट्या

@मुलुंडवासी, सकाळ की संध्याकाळ हा प्रश्नच सोडून द्या. इथं घड्याळ चालत नाही, भरती-ओहोटी चालते. लोक रविवारी सकाळी नऊला तयार होऊन जातात, पाणी चढलेलं असतं, पक्षी दुसरीकडे गेलेले असतात, आणि मग "काहीच नव्हतं हो तिथं" असं लिहितात.

फ्लेमिंगो चिखलावर चरतात. ओहोटीला खाडीचा तळ उघडा पडला की ते त्यावर पसरतात. भरती चढली की चिखल बुडतो, मग ते आसपासच्या उथळ पाणथळींवर जाऊन उभे राहतात. नेरुळचं डीपीएस तळं, त्याच्या शेजारची एनआरआय वसाहतीमागची पाणथळ, अलीकडं भांडुपचा पट्टा, ही त्यांची भरतीच्या वेळची विसाव्याची ठिकाणं. म्हणून खाडीतून बघायचे तर अर्धवट पाणी हवं. पूर्ण ओहोटीला होडीच चिखलात बसते, आणि पूर्ण भरतीला होडी झकास चालते पण बघायला उरतात फक्त तिवरं. पाणी चढत असतानाची वेळ सगळ्यात छान. लांबवर विखुरलेले थवे चिखल कमी होईल तसे गोळा होत जवळ येतात.

तारीख काढायला जुना हिशोब आहे. तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणायचं. अष्टमी असेल तर आठ पाऊणे सहा, म्हणजे पूर्ण भरती सहाच्या सुमाराला, सकाळीही आणि संध्याकाळीही. ओहोटी दुपारी बाराला. एकादशीला सव्वाआठ. अमावस्या-पौर्णिमेला पूर्ण भरती दुपारच्या आसपास येते, म्हणजे सकाळी नऊ-दहाला पाणी चढतीला असतं. खाडीच्या आतल्या टोकाला भरती समुद्रापेक्षा थोडी उशिरा पोचते, तेवढं धरून चाला. नेमकी वेळ भरतीच्या तक्त्यावर ताडून घ्या आणि होडीचं आरक्षण त्याप्रमाणे करा. ऐरोलीच्या केंद्रातले लोकही होडीच्या वेळा भरतीवरच ठरवतात, म्हणून त्या रोज बदलतात. दरही बदलत असतात, फोन करून विचारा.

गुडघ्यांसाठी ऐरोली उत्तम. किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्र आहे तिथं, २०१७ साली सुरू झालेलं. तिवरांतून लाकडी वाट आहे, बसायला जागा आहे. भांडुप पंपिंग स्टेशनची बाजू आमच्यासारख्या दुर्बीणवाल्यांची: मिठागरं, चिखल, ऊन, आणि बसायला तुमची स्वतःची टाचच.

गळाचं मला माहीत आहे ते सांगतो. नाही चालत. अभयारण्य आहे ते.

कांदळकन्या

शेकाट्याशी सहमत, थोडी भर घालते. २०१५ साली हे फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झालं. क्षेत्र सुमारे १,६९० हेक्टर, त्यातलं निम्म्याहून जास्त कांदळवन, म्हणजे तिवरांचं जंगल, बाकी पाणी आणि चिखल. ऐरोली आणि वाशी या दोन पुलांच्या मधला पट्टा, मुख्यतः मुंबईच्या बाजूचा. मालवणनंतरचं राज्यातलं हे दुसरं सागरी अभयारण्य. २०२२ मध्ये ठाणे खाडी महत्त्वाच्या पाणथळींच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आली. शिवडी यात येत नाही. अजूनही लोक "अभयारण्य बघायला" शिवडीला जातात, म्हणून मुद्दाम लिहिते.

लेकीला एक काम द्या. थव्यात दोन जातींचे फ्लेमिंगो असतात. मोठा रोहित उंच, दीड मीटरपर्यंत, रंगानं पांढुरका आणि चोच गुलाबी, टोकाला फक्त काळी. छोटा रोहित त्याच्या छातीइतका, गडद गुलाबी, चोच काळपट लाल. आपल्या खाडीत गर्दी छोट्यांची. दोघं एकाच चिखलात चरतात पण ताट वेगळं. मोठा पाय नाचवत चिखल ढवळतो आणि कोळंबीचं पिल्लू, गोगलगाय, किडे असलं गाळून घेतो. छोटा वरवरच्या थरातली सूक्ष्म शेवाळं गाळतो. दुर्बीण लावून एकाच पक्ष्याकडं पाच मिनिटं बघा. मान खाली वाकवून तो डोकं चक्क उलटं धरतो, वरची चोच खाली. गळ्याखाली भराभर धडधड दिसते ना, ती जीभ चालते. पंपासारखी पाणी आत ओढते, बाहेर टाकते. ओहोटीला त्यांच्या चरण्याच्या खुणा चिखलावर राहतात, नागमोडी, एकमेकींत गुंतलेल्या. मला थव्यापेक्षा त्या खुणा बघायला आवडतात, पण ती माझी आवड.

टिंगलटवाळ

म्हणजे खाडीत सांडपाणी जातं, त्यावर शेवाळ वाढतं, ते खायला फ्लेमिंगो येतात, आणि ते बघायला आपण पैसे देऊन जातो. सगळ्यांचाच फायदा की!

कांदळकन्या

हसण्यावारी नेलंत, पण सांडपाण्यानं शेवाळ वाढलं म्हणून पक्षी वाढले हा अंदाज अभ्यासकही मांडतात. नव्वदच्या दशकापासून ते मोठ्या संख्येनं यायला लागले, त्याआधी नाही. म्हणून "फ्लेमिंगो आहेत म्हणजे खाडी स्वच्छ" हे गणित चुकीचं.

खाडीपल्याड

नमस्कार. मी ऐरोलीच्या बाजूच्या कोळीवाड्यातला. गळ चालत नाही असं शेकाट्याभाऊ म्हणाले, ते तुमच्यापुरतं खरं आहे. आमच्यापुरतं नाही.

खाडीत आमची जाळी अभयारण्याच्या कितीतरी आधीपासून. २०१५ ला फलक लागला तेव्हा गावात भीती होती, आता आपल्याला हाकलतात की काय. पारंपरिक मासेमारी चालू राहील असं सांगितलं गेलं आणि ती चालू आहे. ती मेहेरबानी नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यातच लिहिलंय की समुद्राचं पाणी अभयारण्यात घ्यायचं तर स्थानिक मच्छीमारांच्या धंद्याचं रक्षण करणारे उपाय आधी करायचे. तुम्ही पुलावरून बघता त्या होड्या चोरीच्या नाहीत.

पण बाहेरचा माणूस गळ घेऊन आला तर तो पर्यटक. अभयारण्यात शिरायलाच परवानगी लागते, ती पक्षी बघायची मिळते, मासे धरायची नाही. तुमच्या सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा आणि गरी भंडाऱ्यालाच ठेवायला सांगा. नाहीतरी गोड्या पाण्याचा हात इथं बसत नाही. इथं पाणी सहा तास इकडं ओढतं, सहा तास तिकडं. बोय गळाला फारशी लागत नाही, तिला पागानं, म्हणजे फेकायच्या जाळ्यानं धरायची. शिंगाळा लागतो, पण त्याचा काटा हाताला लागला तर रात्रभर झोप नाही.

मुलुंडवासी

खाडीपल्याड दादा, मनापासून आभार. सासऱ्यांना सांगितलं. थोडे हिरमुसले, पण लगेच विचारतात, "मंग ते कोळी लोक कसे धरतात ते तरी पाहाले भेटंन का?"

खाडीपल्याड

भेटंल की. होडीत बसलात की दिसतीलच.

उधाणाला, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या पुढंमागं, पाणी जोरात ओढतं. तेव्हा बोकशी लावतात. पिशवीसारखं जाळं, तोंड उघडं, शेपूट निमुळतं. खुंटांना बांधायचं आणि पाण्यालाच काम करू द्यायचं. कोलंबी, जवळा, बारीकसारीक जे वाहत येईल ते शेपटात जमतं. भांगाला, म्हणजे अष्टमीच्या आसपास, पाणी सुस्त. तेव्हा बोकशी लावून उपयोग नाही, तेव्हा पाग, नाहीतर चिंबोऱ्यांचे फग. फगात आमिष बांधून बुडवून ठेवायचं, थोड्या वेळानं उचलायचं. आमच्याकडं म्हणतात, अंधाऱ्यातली चिंबोरी भरलेली आणि चांदण्यातली पोकळ. पौर्णिमेला घेतलीत तर कोळणीला नावं ठेवू नका.

आणि निवट्या. ओहोटीला चिखलात उड्या मारतात त्या, बोटाएवढ्या, डोळे डोक्यावर. त्या जाळ्यानं नाही, हातानं धरायच्या. बिळाला दोन तोंडं असतात. एकातून हात घालायचा, दुसऱ्यावर पाय ठेवायचा. माझी आई अजून जाते. तिच्या मागं चाललात तर कळेल की चिखलात चालणं ही वेगळी विद्या आहे. तुमची पोरगी म्हणेल मीपण जाते, तर नको. नवखा माणूस गुडघ्यापर्यंत रुततो, आणि भरती काही निरोप देऊन येत नाही.

शेकाट्या

खाडीपल्याड, तुमचा मुद्दा मान्य, मीच घाईत एका शब्दात उत्तर दिलं. पण एक विचारू का, राग मानू नका. बोकशीचा आस, म्हणजे जाळ्याचं भोक, फार बारीक असतो. माशाचं पिल्लूही सुटत नाही. शिवाय फाटलेलं नायलॉनचं जाळं तिवरांच्या श्वासमुळांत तसंच टाकलेलं दिसतं. गेल्या हंगामात असल्या जाळ्यात अडकलेला राखी बगळा मी आणि दोन मित्रांनी मिळून सोडवला. पाय सोलून निघाला होता त्याचा. पक्ष्यांच्या बाजूनंही कोणी बोलायला हवं.

खाडीपल्याड

राग कशाला. जाळं टाकून देणारे आमच्यातलेच आहेत, ते चूकच. गावात यावर भांडणं होतात, तुम्हाला दिसत नाहीत एवढंच.

आस बारीक का झाला ते ऐका. माझे आजोबा या खाडीत जिताडा धरायचे, कमरेएवढा. तांबोशी, खरबी, सगळं होतं. बारीक जाळं लावायची गरजच नव्हती. साठच्या दशकापासून ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखाने आले, मग शहर आलं, मग शहराचं गटार आलं. गाळ भरत गेला. मधे काही वर्षं अशी होती की मासळी शिजवली की रॉकेलचा वास. बाजारात गिऱ्हाईक विचारायचं "खाडीची आहे का?" आणि हो म्हटलं की पुढं निघून जायचं. मोठा मासा गेला म्हणून बारीक आस आला. आता बारीक आसामुळं उरलेलाही जातो, हे आम्हालाही कळतं. पण चूल रोज पेटवायची असते.

एक गोष्ट मात्र बघा. होडीतून तुम्हाला जी तिवरं दाखवतात आणि सांगतात "जंगल वाढलंय", ते खरंच वाढलंय. आमच्या लहानपणी होडी लागायची तिथं आता झाडी आहे. कारण गाळ. तुम्हाला जंगल दिसतं, आम्हाला बुजलेलं बंदर दिसतं. दोन्ही खरंच.

कांदळकन्या

ही शेवटची ओळ सगळ्या नियोजनवाल्यांना वाचून दाखवायला हवी.

पर्यायी धंद्याचे प्रयत्न चालू आहेत, हेही नोंदवते. राज्याची कांदळवन संरक्षण व उपजीविका निर्मिती योजना २०१७ पासून आहे. पिंजऱ्यात जिताडा, खेकडापालन, कालवं, शोभेचे मासे, पर्यटन असं त्यात येतं. वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत बचत गटाच्या बायका स्वतः होडी वल्हवतात आणि कांदळवन दाखवतात. कोणाला कोकणात जायचं असेल तर ती फेरी चुकवू नका. ठाणे खाडीत असं गावाच्या हातात किती आहे, ते खाडीपल्याडच सांगू शकतील.

खाडीपल्याड

थोडं आहे. जास्त हवं. इथं एवढंच लिहितो.

फोंडेकर

गोव्यातून लिहितोय. आमच्याकडं सलीम अली पक्षी अभयारण्य चोडण बेटावर, मांडवी नदीत. फार लहान, दोन चौरस किलोमीटरही नाही. रायबंदरहून फेरीबोट पकडायची, उतरलं की समोरच. खारफुटीतून पायवाट आणि मनोरा आहे. तिथंही गळ चालत नाही, पण बेटाच्या बाकीच्या भागात माणसं मानशीवर बसलेली दिसतील.

मानशी म्हणजे खाजन शेतीच्या बांधातलं लाकडी दार. भरतीचं पाणी बाहेरून ढकलतं तेव्हा ते आपोआप मिटतं, ओहोटीला आतलं पाणी बाहेर पडताना उघडतं. म्हणजे खारं पाणी भातात शिरत नाही. आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या तोंडाला जाळं लावलं की झिंगे आयते. त्या जागेच्या मासेमारीच्या हक्काचा रीतसर लिलाव होतो, त्याच्या पैशातून बांध दुरुस्त व्हायचे. आता व्हायचे असंच म्हणावं लागतं. मानशीवाल्याला झिंगे जास्त हवे असतात, म्हणून तो खारं पाणी जास्त आत घेतो, मग भातवाला ओरडतो, मग बांध फुटतो आणि दोघेही सरकारकडं बोट दाखवतात. त्या फुटलेल्या खाजनात पक्षी मात्र मस्त येतात. पक्षीवाले खूश.

जर्सीचा_जोशी

इंटरेस्टिंग धागा. इकडचा अनुभव लिहितो, तुलना म्हणून नाही, माहिती म्हणून.

न्यू जर्सीत अटलांटिक सिटीच्या उत्तरेला एडविन फोर्साइथ राष्ट्रीय वन्यजीव आश्रयस्थान आहे. खाऱ्या दलदलीतून आठ मैलांचा मातीचा रस्ता, गाडीतूनच फिरायचं. एका हाताला अडवलेलं गोडं पाणी, दुसऱ्या हाताला खारी दलदल, आणि क्षितिजावर कसिनोचे मनोरे. हे दृश्य पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाशी पुलाचीच आठवण झाली. नोव्हेंबरात पांढऱ्या स्नो गूजचे थवे उतरतात. जुलैत मात्र जाऊ नका, ग्रीनहेड नावाची माशी आहे, कपड्यावरून चावते.

तिथं ठरवून दिलेल्या जागी गळ टाकता येतो. खाऱ्या पाण्यात मासे धरायला राज्याच्या नोंदवहीत नाव घालायचं, फुकट असतं. खेकडे धरायला लोक दोरीला कोंबडीची मान बांधून बसतात. आणि नियम पाळतात, मुख्यतः दंडाच्या भीतीनं. कवच साडेचार इंचांच्या आत असलं की खेकडा परत पाण्यात, अंड्यांची मादी परत पाण्यात. माझ्या शेजाऱ्याच्या खोक्याला मोजपट्टीच चिकटवलेली आहे. गंमत म्हणजे अशा जमिनी विकत घ्यायला बदकांच्या शिकाऱ्यांचाच पैसा मोठा. १९३४ पासून त्यांना दरवर्षी डक स्टँप घ्यावा लागतो, आता पंचवीस डॉलरला आहे, आणि त्यातले अठ्ठ्याण्णव टक्के दलदल राखण्यात जातात. मी शिकारी नाही तरी घेतो, तेवढ्यावर आश्रयस्थानांत प्रवेश मिळतो.

आपल्याकडं का नाही असं करत? थोडं शुल्क घ्या, गळवाल्यांना जागा आखून द्या, पैसा खाडीला.

खाडीपल्याड

जोशीभाऊ, तुमच्याकडं खेकडा धरणारा रविवारी येतो आणि सोमवारी कामावर जातो. आमचं सोमवारचं कामच खेकडा धरायचं. हौशी लोकांना शुल्क घेऊन खाडीत सोडलं तर पहिली जागा कोणाची आखतील, तुम्हीच सांगा. ज्याच्याकडं शुल्क आहे त्याची.

जर्सीचा_जोशी

मुद्दा पटला. इथल्या मूळ रहिवाशांना त्या दलदलीत कोणी जागा आखून दिली होती, हाही प्रश्न आहेच, पण तो वेगळा धागा होईल.

टिंगलटवाळ

सासरेबुवांचं काय झालं पण? ते अजून भंडाऱ्याला गरी हातात धरून उभे आहेत.

शेकाट्या

त्यांच्यासाठी उपाय आहे. मुलुंडहून पवई किती लांब? पवई तलावावर गळवाल्यांची जुनी संघटना आहे, महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन. सदस्यत्वाचे, पाहुण्याचे नियम त्यांना विचारा. गोडं पाणी, रोहू-कतला, म्हणजे माहेरी आल्यासारखं. फक्त काठावर पाय सोडून बसू नका म्हणावं, तिथं मगरी आहेत. तेही नाही जमलं तर कर्जतच्या बाजूला शेततळ्यांवर पैसे घेऊन गळ टाकू देतात.

आणि खाडीत जाताना काय पाळायचं ते एकदाच लिहून ठेवतो. होडीवाल्याला "अजून जवळ घ्या" म्हणू नका. फ्लेमिंगोला उडायला धावपट्टी लागते, पाण्यावर पावलं आपटत पळावं लागतं. सगळा थवा उडाला की फोटो छान येतो, पण त्यांचं खाणं मोडतं, आणि चिखल उघडा असतो तो काही तासच. ड्रोन अजिबात नको. आणि कृपा करून कुरवांना फरसाण, गाठ्या टाकू नका. पुण्य लागत नाही त्यानं.

नुसते फ्लेमिंगो बघून परतू नका. काठाला उचाट्या, शेकाट्या, चित्रबलाक, करल्यू, गॉडविट, एखादा ऑस्प्रे, आणि तिवरांच्या फांदीवर काळ्या डोक्याचा खंड्या. तो दिसला तर माझ्या वाटणीचं एकदा बघून घ्या. मे अखेरीपर्यंत फ्लेमिंगो असतात, पण एप्रिलनंतर होडीत ऊन सहन होत नाही.

मुलुंडवासी

जाऊन आलो! जमेल तसं लिहितो.

पंचांग काढून पौर्णिमेच्या पुढची तारीख धरली, साडेनऊची होडी मिळाली. पाणी नुकतं चढायला लागलेलं. सुरुवातीला दोन्ही काठांना तिवरंच, लेक कंटाळली. मग पुलाच्या पुढं गेल्यावर लांबवर एक गुलाबी पट्टी दिसली. ती म्हणाली फुलं आहेत. होडीवाल्यानं इंजिन बंद केलं आणि नुसतं वाहत जाऊ दिलं. आवाज आधी आला. बदकांसारखा, पण हजार बदकं एकदम कुरकुरल्यासारखा. पाणी चढत होतं तसे ते मागं सरकायच्या ऐवजी काठाकडं, म्हणजे आमच्याकडं सरकत होते. कांदळकन्या, चोचीचं लेकीनं बघितलं आणि दिवसभर घरात डोकं उलटं करून पोहे खात होती.

एक कळलं नाही. तिनं होडीवाल्याला विचारलं हे उन्हाळ्यानंतर कुठं जातात, तो म्हणाला गुजरातेत. नक्की का?

सासरे मात्र फ्लेमिंगोकडं पाठ करून बसले होते. एका होडीत नवरा-बायको बोकशी उचलत होते. तो खुंटावरची दोरी सोडवत होता, तिनं जाळ्याचं शेपूट टोपलीवर धरलं, गाठ सोडली आणि जे पडलं त्यात हात घालून भराभर निवडायला लागली. कोलंबी इकडं, बारीक मासा तिकडं, आणि प्लास्टिक वेगळ्या ढिगात. प्लास्टिकचा ढीग सगळ्यात मोठा. सासरे बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "इतका कचरा आमच्या तलावात आला असता तं आम्ही पाटलाच्या दारात नेऊन टाकला असता."

पवईचं विचारलंय, उत्तराची वाट बघतोय.

कांदळकन्या

गुजरात बरोबर आहे. बीएनएचएसनं (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) २०२२ मध्ये सहा फ्लेमिंगोंना उपग्रहाशी जोडलेले टॅग लावले होते. एकाचं नाव पक्षितज्ज्ञ हुमायूं अब्दुलालींवरून हुमायूं ठेवलेलं, तो पावसाळ्यात भावनगरकडं गेला. बरेच पक्षी कच्छच्या बाजूला वीण करतात. पावसाळ्यात रणात पाणी साठलं की तिथं चिखलाचे उंचवटे करून घरटी घालतात.

आणि लेकीला एवढं सांगा की हे येणं-जाणं, भरतीला तळ्यावर, ओहोटीला खाडीत, हे सगळं आकाशातून होतं. मे २०२४ मध्ये घाटकोपरवरून मुंबई विमानतळाकडं उतरणाऱ्या विमानाची धडक बसून थव्यातले चाळीसेक पक्षी गेले. त्याच हंगामात नेरुळच्या तळ्याची भरतीच्या पाण्याची वाट अडल्यानं ते सुकलं होतं आणि पक्षी भलतीकडंच भटकत होते. दोन्हींचा थेट संबंध होता का यावर वाद आहे. पण अभयारण्याची रेष खाडीत आखून भागत नाही, विसाव्याची तळी रेषेबाहेर असली तरी ती राखावी लागतात. त्या तळ्याला संरक्षण द्यायचं २०२५ मध्ये ठरलं, बऱ्याच आरडाओरड्यानंतर.

शेकाट्या

काळ्या डोक्याचा खंड्या दिसला का ते लिहिलंच नाहीत.

मुलुंडवासी

दिसला! सासूबाईंना दिसला, आम्हा कुणालाच नाही. "निळा निळा, लाल चोचीचा, टोपी घातलेला" असं वर्णन आहे, तेव्हा तोच असावा.

खाडीपल्याड दादा, परतताना ऐरोलीच्या बाजारातून निवट्या आणल्यात सासऱ्यांनी. बायको म्हणते बुळबुळीत आहेत, हात लावणार नाही. कशा करायच्या?

खाडीपल्याड

चुलीची राख असेल तर राखेनं चोळा, नसेल तर तांदळाचं पीठ आणि जाडं मीठ. बुळबुळ गेल्याशिवाय पुढं जायचं नाही. तीन-चार पाण्यांनी धुवा. डोकं ठेवायचं, पोट साफ करायचं. आलं-लसूण-मिरची-कोथिंबीर वाटून, हळद, आमचा कोळी मसाला. पातळ कालवण ठेवा, निवट्या शेवटी टाका, दोन उकळ्या बास, नाहीतर मोडतात. खोबरं नको.

फोंडेकर

आंबट काय घालता? आमच्याकडं सोलं घातली असती.

खाडीपल्याड

चिंच. कैरी आली असेल बाजारात तर कैरीच. सोलं घातलीत तर माझ्या आईला सांगू नका.